सराटा, सायकल आणि सूर्यनमस्कार



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी स्मरणिका काढायची आणि प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यायचे असे ठरले, तेव्हा मी आधी अंग चोरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाच्या वहीपलीकडे कधी हातात लेखणी धरली नाही. पण अध्यक्षबाई ऐकेनात. "विषय कोणता घेता ते सांगा," म्हणाल्या. मी म्हटले, "मला मेलीला सायकलच्या पंक्चरशिवाय दुसरे काय सुचणार!" सगळ्या हसल्या आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग तेच लिहा." म्हणून हा खटाटोप. ऐकीव गोष्टी लिहायच्या नाहीत असे ठरवून पुस्तके चाळली, काही माहिती लेकीने शोधून दिली. चुकले माकले पदरात घ्यावे.

पंक्चर आणि थंडी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या चिखलीच्या बाजूला तो फार जवळचा आहे. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात एक वेल जमिनीला चिकटून पसरते. तिला पाच पाकळ्यांची इवलीशी पिवळी फुले येतात. हाच सराटा. वैद्य त्याला गोखरू म्हणतात आणि औषधात वापरतात. दिवाळीच्या सुमारास वेल वाळते आणि तिची फळे फुटून वाटेवर विखुरतात. देवाने त्याची घडण अशी केली आहे की, तो कसाही पडला तरी एक काटा वर उभाच राहतो. त्याच दिवसांत शेतकरी रब्बीच्या राखणीसाठी बाभळीच्या फांद्या तोडून कुंपण घालतात. बैलगाडीतून फांद्या नेताना काटे वाटभर सांडतात. म्हणजे कार्तिक ते माघ हे आपल्याकडे पंक्चरचे दिवस. आणि हेच दिवस थंडीचे. सायकल कुडाला टेकून उभी आणि आपण गोधडीत, असे दोघींचेही हातपाय आखडतात.

मला हे सारे फार लवकर कळले असते तर बरे झाले असते. ते कसे, हे सांगते.

माझे माहेर चिखलीपासून दोन कोसांवर. गावात शाळा सातवीपर्यंत. खामगाव-जालना रेल्वेचे नाव आमच्या आजीपासून सगळे घेत आले, पण लहानपणी आम्ही रेल्वे पाहिली ती खामगावलाच. एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नव्हत्या. सन १९९४ च्या जूनमध्ये मी आठवीला चिखलीच्या शाळेत नाव घातले, आणि बाबांनी कोणाकडून तरी एक जुनी सायकल आणून दिली. ती पुरुषांची, मधल्या नळीची. माझे पाय पुरत नव्हते. सुरुवातीला नळीखालून पाय घालून कैची मारत चालवली, पुढे नळीवरून पाय टाकता येऊ लागला. आमच्या गावातून सायकलने शाळेला जाणारी मी एकटीच मुलगी. पावसाळाभर चिखल तुडवीत गेले, एक दिवस खाडा केला नाही.

दिवाळीची सुटी संपली आणि पहिल्याच आठवड्यात मागचे चाक बसले. सायकल ढकलत चिखलीतल्या एका दुकानी नेली. दुकानदाराने पंक्चर काढून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. तासभर पुरुषमाणसांत मान खाली घालून उभी राहिले. दिवस लहान, घरी पोहोचेतो दिवेलागण होऊन गेली होती. आई वेशीवर उभी होती. बाबा काही रागावले नाहीत. जेवण झाल्यावर एवढेच म्हणाले, "बस झालं आता बाई. कायले रोज जीव टांगणीला लावतं?" गावात चार लोक बोलले असतील, तेही त्यांच्या मनात असणार. माझी शाळा तिथे सुटली. म्हणून कोणी शिक्षण विचारले की मी सातवी सांगते. आठवीची सहामाही दिली होती, पण ती कोण धरतो?

आता थोडा इतिहास सांगते, कारण तो वाचल्यावर मला माझीच गोष्ट नीट कळली.

सायकलची आद्य आई म्हणजे सन १८१७ मध्ये जर्मनीच्या कार्ल ड्राइस याने केलेली लाकडी दुचाकी. तिला पायडल नव्हते. तिच्यावर बसून पायांनी जमीन मागे ढकलायची. पायडल आले ते १८६० नंतर, फ्रान्समध्ये. लाकडी चाकाला लोखंडी धाव, अगदी आपल्या बैलगाडीसारखी. तिच्यावर बसणाऱ्याची अशी दशा होई की, इंग्रज लोक तिला 'हाडे खिळखिळी करणारी' म्हणत. मग पुढचे चाक माणसाएवढे उंच अशी सायकल आली. तिच्यावरून पडले तर डोके फुटायचे. स्त्रियांनी तर तिच्या वाटेलाच जाऊ नये अशी ती होती. शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बनवली. आजची आपली सायकल तिचीच लेक.

तरीही हादरे होतेच, कारण चाकावरचे रबर भरीव होते. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर राहत होता. त्याच्या लहान मुलाची तीन चाकांची सायकल दगडी रस्त्यावर फार आदळे. मुलाचे हाल पाहून बापाने १८८८ मध्ये रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली. हवेच्या टायरची कल्पना त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन याने नोंदवून ठेवली होती, पण सायकलींचे दिवस तेव्हा यायचे होते, म्हणून ती मागे पडली. डनलॉपच्या टायरवर १८८९ मध्ये विली ह्यूम या तरुणाने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि साऱ्यांचे डोळे उघडले.

हवा आली तसे पंक्चरही आले. भरीव रबराला काटा टोचला तर टोचला, कोणाचे काही अडत नव्हते. हवेचा टायर आधी रिमला खळीने चिकटवलेला असे. सन १८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेर्माँ-फेराँ गावी एक सायकलवाला आपले बसलेले चाक घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. टायर सोलून काढून ठिगळ लावायला तीन तास लागले आणि खळ वाळायला सारी रात्र. सकाळी एदुआर मिशेलिन हौसेने त्याच सायकलवर फेरी मारायला निघाले, तर थोड्याच अंतरावर चाक पुन्हा बसले! त्यांनी मनाशी ठरवले की, टायर उत्तम आहे, पण तो झटकन काढता-घालता आला पाहिजे. सन १८९१ मध्ये तसा टायर त्यांनी बाजारात आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली, ती शार्ल तेराँ याने त्या टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिन बंधूंनी स्वतः एक शर्यत भरवली आणि वाटेवर मुद्दाम खिळे टाकून ठेवले, असे सांगतात. पंक्चर किती लवकर निघते हे लोकांना दिसावे म्हणून!

भगिनींनो, हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून बसले. तीन तास आणि एक रात्र लागणारे काम १८९१ पासून पाव तासावर आले होते. ते पाव तासाचे काम १९९४ मध्ये मला कोणी शिकवले नव्हते, आणि शिकवा असे म्हणायचे मलाही सुचले नव्हते.

मी ते शिकले २०२० मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, दुकाने बंद झाली. लेकीच्या सायकलचे चाक बसले आणि ती रडकुंडीला आली. यजमान म्हणाले, "बघू या, आपणच उघडू." किराणा दुकानातून सोल्युशनची नळी मिळाली. ठिगळासाठी जुनी ट्यूब कापली. टायरच्या आत फडके फिरवले तर ते एका जागी अडकले. पाहिले तो बाभळीचा काटा, आतल्या बाजूने तांदळाच्या कणीएवढा वर आलेला. बाहेरून तो दिसतच नव्हता. काटा तसाच ठेवून नुसती ट्यूब जोडली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक पडले असते.

मी हातातले काम ठेवून ओसरीवर येऊन बसले. माझ्या शाळेच्या सायकलच्या ट्यूबवर तीन ठिगळे होती. ती तिन्ही व्हॉल्व्हच्या डाव्या अंगाला, एकमेकांना खेटून होती. पुढे कित्येक वर्षे ती ट्यूब माहेरी खुंटीला टांगलेली होती, म्हणून मला पक्के आठवते. म्हणजे तीन पंक्चर झालीच नव्हती. काटा एकच होता. कोणी तो काढला नाही, एवढेच. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही, त्यालाही घाई असेल. बाबा तर आज नाहीत. पण त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

म्हणून ही कृती सगळ्यांसाठी लिहिते. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करावी. व्हॉल्व्ह सोडून हवा काढावी. दोन चमच्यांच्या दांड्या घालून टायरची एक कड रिमबाहेर घ्यावी आणि ट्यूब ओढून काढावी. चाक खोलावे लागत नाही. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवावी. बुडबुडे येतील तिथे खूण करावी, पुसून कोरडी करावी, काचकागदाने घासावी, सोल्युशन लावून चार-पाच मिनिटे वाळू द्यावे आणि मग ठिगळ दाबून बसवावे. त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, ते विसरू नये. टायरच्या आतून फडके फिरवून काटा शोधावा आणि चिमट्याने उपटावा. बुडबुडे कुठेच आले नाहीत, तर व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी पाहावी. ती चिरली असेल तर दोष तिथेच.

पंक्चर होऊच नये म्हणूनही थोडे करता येते. चाकात हवा कधी कमी ठेवू नये. मऊ चाक दगडावर आदळले की ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. टायर झिजून गुळगुळीत झाला की बदलावा. रस्त्याच्या अगदी कडेने जाऊ नये, काटे आणि काचा झाडून तिथेच साचतात. घरी आल्यावर चाक हळूहळू फिरवून पाहावे. सराटा टोचला असला तरी बहुधा लगेच आत शिरत नाही. तो फेऱ्यागणिक थोडा थोडा आत जातो. संध्याकाळी उपटला तर सकाळचे पंक्चर वाचते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळते. ज्या १८८८ साली डनलॉपने बेलफास्टला हवेचा टायर केला, त्याच साली बेळगावात किर्लोस्करांचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तांत्रिक शाळेत शिकवीत असत. ते तिकडून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात विकीत. लोक तिला पायगाडी म्हणत. त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना झाला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरान दिले. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० मध्ये 'स्त्री' ही मासिके शंकरराव किर्लोस्करांनी काढली. आपल्या आज्या-पणज्यांपैकी ज्यांना वाचता येत होते त्यांच्या घरात जगाचे वारे आणणारी ही मासिके. त्यांचा माग काढत गेले तर शेवटी सायकलच्या दुकानाशीच येऊन पोहोचते.

आणि या गोष्टीतले औंधचे राजेसाहेब म्हणजे सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे तेच. त्यांनी आधी कित्येक वर्षे सँडो नावाच्या युरोपियन पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम केला होता. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर तेच घातले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. राजवाड्यातील स्त्रियाही ते घालीत. सन १९२८ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. विलायतेच्या लुईझ मॉर्गन या बाई वर्तमानपत्रात लिहीत असत. त्यांच्या मदतीने १९३८ मध्ये लंडनमध्येही राजेसाहेबांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच दहा हा आकडा आहे, कारण औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती मानीत. आज आपण बारा मोजतो. राजेसाहेब १९५१ मध्ये वारले.

या व्यायामाला लागते काय? सतरंजीएवढी जागा. ना यंत्र, ना पैसा, ना कोणाची परवानगी. घराबाहेर पडायला जिला मुभा नाही, तीही दार लोटून बारा नमस्कार घालू शकते. मला वाटते, एका राजाने प्रजेतील बायकांना दिलेली ही लहान देणगी नव्हे.

आपल्या वऱ्हाडातही व्यायामाची परंपरा थोर आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापले. तिथले पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. चिखलीहून अमरावती काही दूर नाही. पण तालमी आणि आखाडे आमच्या गावी पोरांचे. मुलींनी तिकडे फिरकायचे नाही, ही रीत मी लहानपणी पाहिली आहे.

मग आपल्या बायकांना व्यायाम नव्हता का? होता, पण घरात. माझी आजी थंडीच्या दिवसांत पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसे. पायलीभर ज्वारी दळून होईतो तिच्या अंगाला घाम येई. आजकाल कोणी म्हणते, जुन्या बायकांना जात्यामुळे व्यायाम होई म्हणून त्या निरोगी होत्या. मला हे अर्धेच पटते. आजीचा उजवा खांदा पन्नाशीत गेला होता आणि तिला वेणी घालता येत नव्हती. एकाच अंगाने रोज तेच ओझे ओढणे याला कष्ट म्हणतात. व्यायाम दोन्ही अंगांना सारखा असतो आणि थकले की थांबता येते. आजीला थांबता येत नव्हते. पिठाची गिरणी आली ते बरेच झाले. फक्त जाते गेले त्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही, ही चूक आपली.

खरा व्यायाम आपल्या खेळांत होता. आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात. तेव्हा फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, काय काय चालायचे! दंडफुगडीत दोन्ही हात आवळून अंग मागे टाकायचे आणि पाय एका जागी ठेवून गरगर फिरायचे. पोट, पाठ, पिंढऱ्या सगळे कामाला लागते. बसफुगडीने मांड्या भरून येतात. त्यासाठी अंगण लागत नाही, माजघर पुरते. कोजागिरीनंतर मात्र आपण हे खेळ गुंडाळून ठेवतो. ऐन थंडीत, जेव्हा त्यांची गरज असते, तेव्हा आपण गोधडीत असतो.

माझीही गत तीच होती. चाळिशीनंतर वजन वाढले आणि थंडीत गुडघे धरू लागले. डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज थोडी हालचाल करा." पौषात चिखलीला सकाळी असा गारवा असतो की बाहेर पाऊल टाकवत नाही. मग मला सायकलच आठवली. आमच्या घरी सासऱ्यांची जुनी सायकल आहे. तिच्या मागच्या चाकाला पक्के स्टँड आहे आणि स्टँडवर चढवली की ते चाक अधांतरी राहते. लहान मुले तिच्यावर बसून पायडल मारतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मी ती ओसरीत भिंतीशी लावली, घट्ट आहे ना ते पाहिले आणि भिंतीला एक हात धरून पहाटे दहा मिनिटे पायडल मारू लागले. पदर आणि निऱ्या साखळीपासून नीट खोचून घ्याव्या, हे सांगायला नको. त्यानंतर सावकाश नमस्कार. पहिल्या दिवशी तीन झाले, महिनाभराने बारा. गुडघा पार बरा झाला असे म्हणणार नाही, पण मांडी घालून पोथी वाचता येते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे किंवा ज्यांना दिवस गेले आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काही करावे. थंडीत अंग गार असताना एकदम जोर लावू नये. आधी हातपाय हलवून ऊब आणावी.

आता स्त्रिया आणि सायकल यांचा शेवटचा धागा सांगते. नव्या सायकली आल्या तेव्हा, १८९० नंतरच्या वर्षांत, अमेरिकेत आणि युरोपात बायका सायकल शिकल्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस विलार्ड या बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या देशात तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासूनच्या साक्षरतेच्या मोहिमेत खेड्यांतल्या बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. सुमारे लाखभर बायका सायकलवर बसल्या असे पी. साईनाथ यांनी लिहून ठेवले आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्याच चालवल्या. ही १९९१-९२ ची गोष्ट. त्यानंतर दोनच वर्षांनी मी पुरुषांची सायकल ढकलत चिखलीच्या रस्त्याने घरी आले होते. देश तोच, सायकल तीच. तिकडे बायका शेकड्यांनी होत्या आणि इकडे मी एकटी, एवढाच फरक.

आज आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सायकल दिली म्हणजे काम झाले नाही, हे मी अनुभवाने सांगते. सायकलबरोबर पंपही हवा, ठिगळाची डबीही हवी आणि ती वापरायला शिकवणारे कोणी तरी हवे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, श्रावण-भाद्रपदात सराट्याच्या वेलीला पिवळी फुले असतात आणि काटे अजून ओले असतात, तेव्हा आपण एक दिवस शाळेच्या रस्त्याकडेच्या वेली मुळासकट उपटू या. अमेरिकेतही हा सराटा पोहोचला आहे आणि तिथले सायकलवाले त्याला बोकडाचे मुंडके म्हणतात. बॉइझी नावाच्या शहरी लोक त्या वेली पोतीच्या पोती उपटून आणतात आणि त्या निमित्ताने सायकलींची मिरवणूक काढतात. आपल्याला मिरवणूक नको, एक विळा आणि जुने मोजे हातात घातले की झाले. दुसरी, थंडीचे चार महिने मंडळाच्या खोलीत रोज दुपारी अर्धा तास नमस्कार आणि फुगड्या व्हाव्यात. तिसरी, मंडळाच्या शिलकीतून एक हवेचा पंप, एक घमेले, काचकागद, सोल्युशन, पट्ट्या आणि चिमटा घेऊन ते खोलीच्या दाराशी ठेवावे. शाळेतून येणाऱ्या कोणत्याही मुलीचे चाक बसले तर तिने आपल्या दारी थांबावे. मी दुपारी चार ते सहा तिथे बसेन. पंक्चर काढून देणार नाही, काढायला शिकवीन.

आणि काटा काढल्याशिवाय कोणत्याही पोरीला घरी जाऊ देणार नाही.